लेकीच्या गावी कायमचे राहावे का?

या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आहे, ‘आता तुम्ही दोघे इकडेच या’ असा तिचा आग्रह आहे, आणि इकडे आपले गुडघे जिना चढताना कुरकुरू लागले आहेत. तर मग जावे की न जावे? पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मुले न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत नसतात. अमेरिकेच्या अंतर्भागातील ज्या सपाट, शेतीप्रधान प्रदेशाला ‘मिडवेस्ट’ म्हणतात, तेथील एखाद्या मध्यम आकाराच्या विद्यापीठ-नगरात ती राहत असतात. मॅडिसन, अ‍ॅन आर्बर, आयोवा सिटी, ब्लूमिंग्टन ही त्यांतील काही नावे. मुले शिकायला म्हणून तेथे जातात आणि पुढे तेथेच नोकरी, घर, संसार मांडतात.

अशा एका नगराविषयी मी अनुभवाने लिहू शकते. विस्कॉन्सिन राज्याची राजधानी असलेल्या मॅडिसन येथे माझी लेक राहते. मी आणि माझे यजमान तिच्याकडे दोनदा राहून आलो. एकदा मे ते ऑक्टोबर आणि दुसऱ्यांदा नोव्हेंबर ते एप्रिल. घर तेच, गल्ली तीच, शेजारची झाडेही तीच. तरीही आम्हांला ती दोन निराळी गावे वाटली. पहिल्या मुक्कामानंतर आम्ही कायमचे जाण्याचे जवळजवळ ठरवून टाकले होते. दुसऱ्या मुक्कामाने आम्हांला थांबून विचार करायला लावले. म्हणून दोन्ही बाजू वाचकांसमोर ठेवते.

उन्हाळ्यातील गाव

मेंडोटा आणि मोनोना या दोन मोठ्या तळ्यांमधील जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर मॅडिसनचा मध्यभाग वसला आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे दोन लाख सत्तर हजार, म्हणजे साधारणपणे आपल्या जालना शहराएवढी. मात्र येथे १८४८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे आणि त्यात पन्नास हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. गावाचे सगळे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात, असे मला आता वाटते.

आधी गुण सांगते. विद्यापीठामुळे लहान गावाला मोठ्या शहराच्या सोयी लाभल्या आहेत. विद्यापीठाचे स्वतःचे मोठे रुग्णालय गावातच आहे. हृदय, मेंदू, कर्करोग यांचे तज्ज्ञ गाठण्यासाठी दुसऱ्या शहरी धावावे लागत नाही. सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचायला कोणी कार्ड विचारत नाही. तेथील आरामखुर्च्यांत दुपार कशी सरते ते कळत नाही. ऑलब्रिक उद्यानाच्या खुल्या बागेत आणि गावच्या प्राणिसंग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. शहर-बसमध्ये ज्येष्ठांना सवलतीचे भाडे आहे. विद्यापीठात दर बुधवारी संध्याकाळी विज्ञानावर सर्वांसाठी खुले व्याख्यान होते. राज्याचे रहिवासी असलेल्या साठ वर्षांवरील नागरिकांना विद्यापीठाच्या अनेक वर्गांत शुल्क न भरता श्रोता म्हणून बसता येते. आम्ही पाहुणे असल्याने ती सवलत आम्हांला नव्हती. पण लेकीच्या शेजारच्या सत्तरीतल्या बाई इतिहासाच्या वर्गाला जात आणि विशीतल्या मुलांशी वाद घालून ताज्यातवान्या होऊन परत येत.

शनिवारी सकाळी विधानभवनाच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासून चालत आलेला हा बाजार उघड्यावर एप्रिल ते नोव्हेंबर असतो. त्यात विकणाऱ्याने स्वतः पिकवलेला किंवा तयार केलेला मालच ठेवायचा, असा नियम आहे. घुमटाच्या त्या इमारतीभोवती सारी गर्दी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. पहिल्या शनिवारी यजमान म्हणाले, ‘‘ही उलटी प्रदक्षिणा आपल्या हातून व्हायची नाही.’’ पुढच्या शनिवारपासून मात्र तेच सर्वांच्या आधी पिशवी घेऊन दारात उभे राहू लागले. रोज दोन-अडीच मैल चालणे होऊ लागले. पुण्यात वाहनांच्या गर्दीत रस्ता ओलांडताना छातीत धडधडते. येथे पदपथ सलग आहेत आणि आपण कडेला उभे राहिलो की गाड्या थांबतात. जूनमध्ये सव्वापंधरा तासांचा दिवस असतो. रात्री साडेआठलाही तळ्याकाठच्या रंगीत खुर्च्यांवर बसून मावळते ऊन पाहता येते. सहा महिन्यांत त्यांचे वजन चार किलोंनी उतरले आणि रक्तदाबही आटोक्यात आला. ‘‘पुण्याचे घर विकून टाकू,’’ हे वाक्य प्रथम त्यांनीच उच्चारले होते.

या गावाचे आपल्या औषधपेटीशी नाते

मॅडिसनशी आपल्यापैकी अनेकांची ओळख नकळत आधीच झालेली असते. यजमानांच्या हृदयात कृत्रिम धातूची झडप आहे आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते वर्षानुवर्षे वॉरफरिन घेतात. या औषधाचा जन्म मॅडिसनचा. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी मेलेली कालवड आणि तिचे न गोठलेले रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून हिमवादळातून विद्यापीठात आला. कुजलेला चारा खाऊन त्याची गुरे रक्तस्रावाने मरत होती. प्रा. कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून त्या चाऱ्यातील द्रव्य शोधले आणि पुढे त्याच घराण्यातील वॉरफरिन तयार झाले. आरंभी ते उंदरांचे विष म्हणून विकले गेले. १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. त्याच्या नावाची सुरुवातीची अक्षरे संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून घेतलेली आहेत.

त्याआधी १९२३-२४ च्या सुमारास याच विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातील ड जीवनसत्त्व वाढवता येते हे दाखवले, आणि मुलांच्या मुडदूस या विकारावर सोपा प्रतिबंध हाती आला. पुढे आपले हरगोविंद खुराणा १९६० ते १९७० अशी दहा वर्षे येथेच काम करीत होते. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच काळात मिळाले. यजमानांना हे सारे कळले तेव्हा ते गोळीच्या पट्टीकडे पाहून म्हणाले, ‘‘म्हणजे मी इतकी वर्षे सासुरवाडीचेच औषध खात होतो.’’ लेकीच्या गावाला सासुरवाडी कसे म्हणता येईल, हा हिशेब त्यांचा त्यांनाच ठाऊक.

वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी येथेच एक सूचना देते. पालक, केल यांसारख्या गडद हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या औषधाच्या नेमके उलट काम करते. भाजी सोडायची नसते. तिचे प्रमाण आठवड्यामागून आठवडा सारखे ठेवायचे असते. त्या बाजारातील ताज्या पानांना भुलून आम्ही अचानक रोज पालेभाजी खाऊ लागलो आणि आयएनआर तपासणीचा आकडा खाली घसरला. गाव बदलले की ताट बदलते, आणि ताट बदलले की औषधाचे प्रमाण पुन्हा तपासावे लागते.

हिवाळ्यातील गाव

दुसऱ्या वेळी आम्ही नोव्हेंबरात पोचलो. मॅडिसन सुमारे ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरा अंशांवर. हा फरक नकाशात किरकोळ दिसतो, शरीराला तो चांगलाच जाणवतो. डिसेंबरात दिवस नऊ तासांचा असतो. दुपारचा चहा होतो न होतो तोच साडेचारच्या आत सूर्य मावळतो. जानेवारीत दिवसाचे सरासरी कमाल तापमानही शून्याच्या खाली राहते आणि थंडीची लाट आली की पारा उणे पंचवीसच्याही खाली उतरू शकतो. जेथे आम्ही उन्हाळ्यात नावा पाहिल्या होत्या, त्या मेंडोटा तळ्यावर लोक बर्फाला भोक पाडून मासे धरीत बसलेले दिसले.

या अक्षांशावर हिवाळ्याचे काही महिने सूर्यकिरण इतके तिरपे येतात की, उन्हात बसूनही त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. त्यातून आपली त्वचा सावळी आणि वय झालेले. ज्या गावाने जगाला हे जीवनसत्त्व अन्नात वाढवायला शिकवले, त्या गावाला त्याची गरज का भासली असेल, हे मला तेथील जानेवारीत समजले. मन मलूल होणे, सकाळी उठावेसे न वाटणे, भूक मंदावणे किंवा गोड खाण्याची इच्छा वाढणे ही हिवाळी नैराश्याची लक्षणे तेथील डॉक्टर नेहमी पाहतात. घरच्यांनी त्यांना ‘कंटाळा’ म्हणून सोडून देऊ नये.

खरा शत्रू मात्र थंडी नसून घसरण आहे. दिवसा वितळलेले हिम रात्री पुन्हा गोठते आणि पदपथावर काचेसारखा पारदर्शक थर बसतो. डोळ्यांना तो केवळ ओलसर फरशी वाटतो. फेब्रुवारीच्या एका सकाळी यजमान कचऱ्याचा चाकांचा डबा रस्त्याच्या कडेला लावायला गेले. ‘‘दोन मिनिटांचे काम, त्यात जावईबापूंना कशाला उठवायचे?’’ असे म्हणून त्यांनी घरातल्याच चपला पायांत घातल्या होत्या. डब्यासकट ते मागच्या मागे पडले आणि डोक्याचा मागचा भाग आपटला.

ते लगेच उठून बसले. ‘‘काही झाले नाही,’’ असेही म्हणाले. आपल्या पिढीचे पुरुष असेच म्हणतात. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर बाहेरून जखम नसली तरी आत हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो काही तासांनी किंवा काही दिवसांनीही प्रकट होतो. लेकीने त्यांचे ऐकले नाही. तिने ९११ या क्रमांकाला दूरध्वनी केला आणि रुग्णवाहिका काही मिनिटांत दारात आली. रुग्णालयात मेंदूचे सीटी स्कॅन झाले, रात्रभर देखरेखीखाली ठेवले, दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन झाले. रक्तस्राव नव्हता. अशी तत्पर आणि अदबशीर शुश्रूषा मी क्वचितच पाहिली आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

बिल आले तेव्हा यजमान म्हणाले, ‘‘पडलो तेव्हा इतके लागले नव्हते.’’ आम्ही प्रवासी विमा घेतला होता. हा अपघात होता की जुन्या हृदयविकाराचा परिणाम, यावर विमा कंपनीशी चार महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी तिने बरीचशी रक्कम दिली. तोवर लेकीच्या झोपेचे खोबरे झाले होते.

नंतर मी आकडे पाहिले. २०२१ मध्ये अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील दर एक लाख व्यक्तींमागे पडल्यामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ७८ होते. विस्कॉन्सिनमध्ये ते १७६ हून अधिक, म्हणजे देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. हे सारे मृत्यू बर्फावरचे असतात असे नाही. वृद्धांची बरीचशी पडझड घरात, न्हाणीघरात, रात्रीच्या अंधारात होते. पण कायमचे राहायला जाताना हा आकडा ठाऊक असणे बरे.

पडण्याहून मोठी इजा

स्कॅन निर्दोष होते. दुखणे नंतर सुरू झाले. त्या दिवसापासून यजमानांनी बाहेर पडणे सोडले. आधी ग्रंथालय सुटले, मग बुधवारचे व्याख्यान, मग दारापर्यंत जाऊन टपाल आणणेही. लेक आणि जावई सकाळी आठला जात, नातू शाळेत जाई, आणि आम्ही दोघे खिडकीशी बसून गल्लीतले पांढरे छत मोजीत असू. पुण्यातल्या मित्रांशी बोलावे तर हिवाळ्यात साडेअकरा तासांचे अंतर. आमची दुपार म्हणजे त्यांची मध्यरात्र. चालणे थांबले की मांड्यांचे स्नायू आठवड्यांत कमकुवत होतात, तोल जातो, आणि पडण्याची भीती बाळगणारा माणूस त्या भीतीपायीच पुढच्या पडण्याच्या जवळ जातो. मार्चमध्ये त्यांना खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठता येईना.

तेव्हा लेकीने ‘स्टेपिंग ऑन’ या वर्गाची माहिती काढली. मूळ ऑस्ट्रेलियात तयार झालेला हा कार्यक्रम मॅडिसनच्याच वैद्यकीय संशोधकांनी अमेरिकेसाठी जुळवून घेतला आहे. आठवड्यातून एकदा, अशी सात सत्रे असतात. त्यांत तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम, पादत्राणांची निवड, घरातील धोके, दृष्टी आणि औषधांची तपासणी यांवर गटाने चर्चा होते. ऑस्ट्रेलियातील मूळ अभ्यासात या कार्यक्रमामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी घटले होते. यजमान कुरकुरतच गेले. तेथे त्यांना त्यांच्यासारखेच पडलेले आणि घाबरलेले दहा-बारा जण भेटले. त्यांत बर्फात आयुष्य घालवलेला एक ऐंशी वर्षांचा शेतकरीही होता. ‘‘तोसुद्धा पडतो,’’ हे वाक्य घरी येऊन त्यांनी समाधानाने तीनदा सांगितले. जे आम्हां सर्वांच्या समजुतीने झाले नव्हते, ते त्या एका सत्राने झाले. दोष ज्या गावाचा, उपायही त्याच गावाचा, असे तेव्हा वाटले.

विद्यापीठ-नगराचा एक लपलेला दोष

ऑगस्टच्या मध्यावर मॅडिसनमध्ये एक विलक्षण दृश्य दिसते. विद्यार्थ्यांच्या वस्तीतील बहुतेक भाडेकरार १४ तारखेला संपतात आणि नवे १५ ला सुरू होतात. रस्त्यांच्या कडेला पलंग, टेबले, दिवे यांचे ढीग लागतात. जुनी मुले जातात, नवी येतात. पहिल्या मुक्कामात मला त्याची गंमत वाटली. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारी समोरच्या घरातली मुले नव्हती, आणि ज्या मराठी कुटुंबाकडे आम्ही गौरीजेवणाला गेलो होतो, ते टेक्सासला निघून गेले होते. विद्यापीठाचे गाव हे मुख्यतः येऊन शिकून निघून जाणाऱ्यांचे गाव असते. शिक्षणोत्तर संशोधकाची जागा दोन-तीन वर्षांची; तरुण प्राध्यापकाची कायम नेमणूक होणार की नाही, हे साधारण सहा-सात वर्षांनी ठरते. म्हणजे आपण ज्यांच्या भरवशावर मुळे रोवायला जातो, त्यांचीच मुळे अजून कुंडीत असू शकतात. मुलांना हा प्रश्न विचारणे आपल्याला जड जाते. तरीही तो विचारावा.

मराठी माणसे, देऊळ, किराणा या गोष्टी गावात किंवा जवळपास मिळतात. पण मोठ्या संमेलनांसाठी, अनेक थेट विमानांसाठी सुमारे अडीचशे किलोमीटरवरील शिकागो गाठावे लागते. आणि बस कितीही चांगली असली तरी गावाच्या कडेच्या नव्या वस्त्यांत मोटारीवाचून पान हलत नाही.

कागदपत्रे आणि पैसा

भावनेच्या भरात राहून जाणाऱ्या काही गोष्टी थोडक्यात नमूद करते.

पाहुणे म्हणून गेल्यास सामान्यतः एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. अशा वेळी घेतलेल्या प्रवासी विम्यात पूर्वीपासून असलेले आजार बहुधा वगळलेले असतात. विमापत्रातील तेवढा भाग तरी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

ग्रीन कार्ड घेऊन गेल्यास पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला सरकारी ‘मेडिकेअर’ विम्यात स्वतःचा हप्ता भरून प्रवेश मिळण्यासाठी तेथे सलग पाच वर्षे वास्तव्य असावे लागते. तोवर खाजगी विमा विकत घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. शिवाय ग्रीन कार्ड घेतल्यावर अर्धे वर्ष येथे, अर्धे तेथे असा सोयीस्कर संसार करता येईलच असे नाही. देशाबाहेर दीर्घकाळ, विशेषतः एक वर्षाहून अधिक राहिल्यास ते रद्द होण्याचा धोका असतो.

विस्कॉन्सिनमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर पत्नीला किंवा मुलांना त्याच्या उपचारांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार तेथे आपोआप मिळत नाही. त्यासाठी वैद्यकीय मुखत्यारपत्र आधीच करून ठेवावे लागते आणि त्यावर नात्यात नसलेले दोन साक्षीदार लागतात. यजमान रुग्णालयात असताना हे आम्हांला प्रथम कळले. ते शुद्धीवर होते म्हणून निभावले.

भाषेची भीती मात्र बाळगू नये. तेथील रुग्णालयांना रुग्णासाठी दुभाषा विनामूल्य उपलब्ध करून द्यावा लागतो. दूरध्वनीवर मराठी दुभाषाही मिळू शकतो. नातवाला दुभाषा करून त्याच्यासमोर आपल्या लघवीच्या तक्रारी सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

औषधांची यादी व्यापारी नावांनी न लिहिता मूळ घटकांच्या नावांनी लिहून डॉक्टरांची सही घ्यावी. आपले पॅरासिटामॉल तेथे ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ या नावाने विकले जाते. दोन्ही निराळी समजून एकत्र घेतल्यास यकृताला धोका पोचतो.

हिवाळ्यात बुटांना अडकवायच्या काटेरी पट्ट्या वापराव्यात आणि दारातच खुर्ची ठेवून बसूनच त्या घालाव्यात, काढाव्यात. घरात त्या कधीही घालू नयेत, फरशीवर त्याच घसरतात. बर्फावर लहान पावले टाकीत, पाय किंचित फाकवून, हात खिशाबाहेर ठेवून चालावे. हिम थांबल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत घरमालकाने आपल्यासमोरचा पदपथ मोकळा करावा, असा मॅडिसनमध्ये नियम आहे. म्हणून सकाळच्या फेरीची सवय असेल तर ती दुपारवर ढकलावी. निसरड्या जागी टाकण्यासाठी नगरपालिका रहिवाशांना वाळू फुकट देते. एक बादली दाराशी भरून ठेवावी.

ड जीवनसत्त्वाची तपासणी जाण्यापूर्वी करून घ्यावी. गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. ही सूचना मॅडिसनइतकीच मिरज आणि महाडलाही लागू आहे.

आम्ही काय ठरवले

परतण्याच्या आदल्या रात्री लेकीने विचारले, ‘‘आई, मग कागद भरायचे ना?’’ तिच्या आवाजात आग्रहाहून काळजी अधिक होती. आम्ही येथे दोघेच, आणि ती तेथून रात्री-बेरात्री वाजणाऱ्या दूरध्वनीला दचकते, हे मला ठाऊक आहे. तिचा प्रश्न रास्त होता आणि आमच्यापाशी पूर्ण उत्तर नव्हते.

तरी त्या दोन मुक्कामांतून मला एक कसोटी सापडली, ती वाचकांना देते. परके गाव आपले होईल की नाही हे त्या गावाची रुग्णालये किंवा बागा मोजून ठरत नाही. कोणालाही न विचारता, कोणाच्या मोटारीची वाट न पाहता, आपल्या पायांनी जाऊन आपण उघडू शकू अशी किती दारे तेथे आहेत, हे मोजावे. आणि ती मोजणी जुलैत न करता जानेवारीत करावी. आमची जुलैत सात दारे होती. जानेवारीत एकही उरले नव्हते, आणि मार्चअखेर एक उघडले. लेकीचे घर ग्रंथालयापासून दोन गल्ल्यांवर असते, तर कदाचित आमचे उत्तर वेगळे आले असते.

म्हणून तूर्त आम्ही ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला नाही. प्रकृती आणि व्हिसा साथ देतील तोवर मे ते ऑक्टोबर लेकीकडे आणि उरलेला काळ पुण्यात, असे ठरवले आहे. हा निर्णय कायमचा नाही. आमच्यापैकी एकच उरेल तेव्हा हिशेब नव्याने मांडावा लागेल, हे आम्ही दोघांनी आणि लेकीनेही एकदा स्पष्ट बोलून घेतले आहे. ते बोलणे सोपे नव्हते. झाल्यावर तिघांनाही हलके वाटले. वैद्यकीय मुखत्यारपत्राचा कोरा नमुना आम्ही येताना सोबत आणला आहे, आणि येथील वकिलांकडूनही आमची इच्छा लिहून घेतली आहे.

त्या वर्गात शिकवलेला एक व्यायाम यजमान आता रोज सकाळी करतात. तुमचे गाव कोणतेही असो, तुम्हीही तो करू शकता. भिंतीला टेकवलेली, न हलणारी भक्कम खुर्ची घ्यावी. पावले जमिनीवर नीट टेकवून थोडे पुढे झुकावे आणि हातांचा आधार न घेता सावकाश उठावे. तितक्याच सावकाश बसावे. आरंभी पाच वेळा, सवय झाल्यावर दहा वेळा. तोल जात असेल तर समोर ओट्याचा आधार असावा आणि घरातील कोणीतरी जवळ उभे राहावे. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मार्चमध्ये यजमानांना हे एकदाही जमत नव्हते. परवा त्यांनी बारा केले, आणि तेराव्यासाठी उठता उठता विचारले, ‘‘तिकडचा शनिवारचा बाजार सुरू झाला असेल ना आता?’’